उन्हाळ्याचा फळा

आमच्या तुर्भ्याच्या वर्गाच्या दाराशी एक काळा फळा टांगलेला आहे. पूर्वी त्यावर आम्हीच लिहीत असू. आजची तारीख, आजचा शब्द, आजचे गणित. यंदा शिमगा झाला आणि वर्गातली मंडळी म्हणाली, "आता आम्ही लिहितो. तुमी फक्त चुका काढा." आम्हाला बरे वाटले. मग ठरले की उन्हाळाभर या फळ्यावर गावच्या बातम्या लिहायच्या. ज्याला जी बातमी कळेल, त्याने ती लिहावी. लिहिता येईल तेवढीच लिहावी. लांब नको.

या पाठात त्या फळ्यावरच्या काही ओळी दिल्या आहेत. प्रत्येक ओळ आधी मोठ्याने वाचा. मग खालचा मजकूर वाचा.

पहिली ओळ अशी होती :

लग्नाची पत्रिका चुकली. पत्ता नीट लिहा.

उन्हाळा म्हणजे लग्नसराई. मांडव पडतात. हळदीच्या रात्री वाजंत्री वाजते. आगरी लोकांच्या लग्नात धवलारीण येते आणि धवळे गाते. तिला शेकडो ओळी तोंडपाठ असतात. अक्षर एक येत नसले तरी तिचे काही अडत नाही. पण पत्रिकेचे तसे नाही. पत्रिका पोस्टात टाकली की ती कागदावरच्या अक्षरांवरच चालते.

वर्गातल्या एका दादांच्या भाचीचे लग्न होते. त्यांनी दूरच्या पाहुण्यांना पत्रिका पाठवल्या. पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून मागे नुसते लिहिले : मुक्काम तुर्भे. एक पत्रिका पाहुण्यांचे घर न सापडल्याने परत निघाली. ती आपल्या तुर्भ्याला आलीच नाही. कुठे गेली? तर खाडीपलीकडच्या तुर्भ्याला.

होय, तुर्भे दोन आहेत. एक आपले, ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेला. दुसरे पश्चिमेला, मुंबईच्या अंगाला. त्याला इंग्रजीतून सगळे ट्रॉम्बे म्हणतात, पण मराठीत त्याचे नाव तुर्भेच. तिथे अणुशक्तीचे मोठे केंद्र आहे. १९५६ साली देशातली पहिली अणुभट्टी तिथेच सुरू झाली. तिचे नाव अप्सरा. हवा स्वच्छ असली की तिथला डोंगर आपल्या बाजूने दिसतो. मध्ये फक्त पाणी.

एका नावाची अशी कितीतरी गावे आहेत. पोस्टातल्या माणसाने काय करावे? यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात पिनकोड सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ. संस्कृतचे मोठे पंडित. पिनकोडात सहा आकडे असतात. पहिला आकडा देशाचा मोठा विभाग सांगतो. आपल्याकडचा ४. पहिले तीन आकडे टपाल कोणत्या भागात जायचे ते सांगतात. शेवटचे तीन आकडे नेमके पोस्ट ऑफिस सांगतात. दोन्ही तुर्भ्यांचे पहिले तीन आकडे सारखेच, ४००. म्हणजे फरक सगळा शेवटच्या तीन आकड्यांत आहे. एक आकडा इकडचा तिकडे झाला की पत्र खाडी ओलांडते.

दादांनी आता आपला पिनकोड पाठ केला आहे. हातावर गोंदवून घेतो म्हणत होते. आम्ही म्हटले, वहीत लिहा, तेवढे पुरे.

दुसरी ओळ :

मार्केटात हापूस आला. पेटीवरचे वाचून घ्या.

ही ओळ लिहिणारे गृहस्थ माथाडी कामगार आहेत. मूळचे सातारा जिल्ह्यातले. पाठीवर पेट्या वाहून त्यांना वीस वर्षे झाली. पेटीवर काय लिहिले आहे ते यंदा प्रथम वाचले, असे ते म्हणाले.

या बाजाराला लोक वाशी मार्केट म्हणतात. खरे तर त्याचा बराच भाग तुर्भ्याच्या जमिनीवर आहे. गावची जुनी माणसे हे मुद्दाम सांगतात आणि त्यांनी ते सांगावेच. आधी हे घाऊक बाजार मुंबईत होते. तिथे गर्दी मावेना. मग १९८१ पासून एकेक बाजार इकडे आला. आधी कांदा-बटाटा, मग मसाला आणि धान्य, नंतर भाजी आणि फळे. माथाडींसाठी राज्यात १९६९ साली कायदा झाला. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांनी केलेली संघटना होती. त्या कायद्यामुळे हमालाला मजुरीची, फंडाची खात्री मिळाली.

चैत्र-वैशाखात फळबाजारात पाय ठेवायला जागा नसते. देवगडचा आंबा, रत्नागिरीचा आंबा. पहाटे गाड्या लागतात. गवताचा वास, आंब्याचा वास, माणसांचा घाम. पण याच दिवसांत दुसऱ्या राज्यांतूनही आंबा येतो. तो वाईट असतो असे नव्हे. पण काही विकणारे त्यालाही हापूसच म्हणतात आणि हापूसचा भाव लावतात. आता कायद्याने हापूस हे नाव फक्त कोकणच्या आंब्याला आहे. २०१८ साली तशी नोंद झाली. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे ते पाच जिल्हे. म्हणून पेटीवर बागेचे नाव, गावाचे नाव पाहावे. नाव नसेल तर विचारावे. वाचता येणाऱ्या गिऱ्हाइकाला फसवताना विकणारा दोनदा विचार करतो. त्यात आंबा कार्बाईडच्या पुड्या ठेवून पिकवणे हा गुन्हा आहे. बाहेरून पिवळाधमक आणि आत आंबट असा आंबा दिसला, तर शंका घ्यावी. खरा आंबा गवतात हळूहळू पिकतो. घाई करत नाही.

तिसरी ओळ छोटी होती. "एकवीरेला गाडी जाणार, नावे द्या." चैत्रात कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरा आईची यात्रा भरते. कोळी आणि आगरी मंडळी घरोघरची निघतात. ओळीखाली संध्याकाळपर्यंत एकोणीस नावे लिहिली गेली. सगळी ज्याची त्याने लिहिली. एकाही नावापुढे अंगठा नव्हता.

आता चौथी ओळ. या ओळीवर आम्हाला जास्त थांबायचे आहे. ती एका मावशींनी लिहिली. 'भरती'ची वेलांटी आधी चुकली होती, ती त्यांनी पदराने पुसून नीट केली.

आज द्वादशी. भरती ९ ला. पोरांनी दुपारी खाडीत जाऊ नये.

शाळेला सुटी लागली की पोरे खाडीकडे पळतात. आज गाव आणि खाडी यांच्यामध्ये रस्ते, रेल्वे, बाजार आणि इमारती आल्या आहेत. तरी पोरांचे पाय पाण्याकडेच वळतात. बापजाद्यांचे पाय पाण्यातले. कोणी पोहायला जातो, कोणी चिंबोऱ्या धरायला, कोणी निवट्या. समुद्रकिनाऱ्याला वाळू असते. खाडीला चिखल असतो. वाळूत पाय टिकतो. चिखलात पाय आत जातो आणि जितकी धडपड करावी तितका आणखी आत जातो.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका दुपारी मावशींचा नातू आणि त्याचा सोबती चिंबोऱ्या धरायला गेले. ओहोटी होती. पाणी लांब गेलेले. दोघे चिखलातून चालत पुढे गेले. नातू मांडीपर्यंत रुतला. सोबत्याने त्याचा हात ओढला, तर तोही गुडघ्याएवढा रुतला. तीन वाजून गेले होते. आणि पाणी परत फिरले.

पाणी परत फिरले हे पोरांना कळले नाही. ते मागून आले. भरतीचे पाणी गाजावाजा करत नाही. आधी चिखलातल्या बारीक चरांतून येते. मग चर भरतात. मग सगळीकडून येते.

काठावर एक म्हातारे कोळीबाबा जाळे दुरुस्त करत बसले होते. त्यांनी ओरडून सांगितले, "उभं राहू नका! निजा! पोटावर निजा!" पोरांना वाटले, म्हातारा चेष्टा करतो. बाबा होडीतली फळी घेऊन चिखलावर आडवे झाले आणि फळी पुढे ढकलत सरकत गेले. त्यांनी पोरांना आडवे केले. फळीवर छाती टेकायला सांगितली. मग एक एक पाय हळूहळू, हलवत हलवत वर काढायला लावला. दोघे सुटले तेव्हा पाणी त्यांच्या कमरेला लागले होते. घरी आल्यावर नातवाने मार खाल्ला. मग जेवला. मग मावशी रात्रभर त्याच्या उशाशी बसून राहिल्या. हे आम्हाला त्यांनीच सांगितले.

यंदा मावशी वर्गात आल्या त्या अक्षरांसाठी नव्हे. त्यांनी आल्याआल्या विचारले, "मास्तर, पाणी कधी फिरतंय ते मांडता येतं का?"

येते. आणि तो हिशेब आम्ही काढलेला नाही. तो किनाऱ्यावरच्या लोकांचा फार जुना हिशेब आहे. कोळीबाबांना तो तोंडी येत होता. आम्ही तो फक्त फळ्यावर मांडला.

तिथीची पाऊणपट करा. जो आकडा येईल, त्या सुमाराला भरती पूर्ण होते. एकदा दिवसा, एकदा रात्री.

पाऊणपट म्हणजे तीनने गुणायचे आणि चारने भागायचे. द्वादशी म्हणजे बारावी तिथी. बारा त्रिक छत्तीस. छत्तीस भागिले चार, नऊ. म्हणजे सकाळी नऊच्या सुमाराला भरती आणि रात्री नऊच्या सुमाराला भरती. दोन भरत्यांच्या मधोमध ओहोटी पूर्ण होते. म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला. तीनला पाणी सगळ्यांत लांब. तीननंतर ते परत फिरणार. पोरे तीन वाजून गेल्यावरही चिखलात होती. आता कळले ना, पाणी कुठून आले ते?

अष्टमी घ्या. आठ त्रिक चोवीस. चोवीस भागिले चार, सहा. सकाळी सहाला भरती, बाराला ओहोटी, संध्याकाळी सहाला पुन्हा भरती. चतुर्थी घ्या. चार त्रिक बारा. बारा भागिले चार, तीन. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा धरा. सव्वाअकरा येतात. म्हणजे दुपारी बाराच्या आतबाहेर. हा हिशेब मिनिटाचा नाही. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो. खाडीत आत जावे तशी भरती थोडी उशिरा पोचते. म्हणून जवळ आलेली वेळ नेहमी धोक्याची धरावी.

पाऊणपटच का? चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा डोक्यावर येतो. भरती चंद्राच्या ओढीने येते, म्हणून तीही रोज तेवढीच उशिरा येते. पन्नास मिनिटे म्हणजे पाऊण तासाच्या जवळ. एक तिथी, पाऊण तास. इतकी साधी गोष्ट आहे.

पौर्णिमेच्या आणि अमावास्येच्या सुमाराची भरती मोठी. तिला उधाण म्हणतात. त्या वेळी चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात. उधाणाला आपल्याकडे भरती आणि ओहोटी यांच्या पाण्यात बारा-पंधरा फुटांचा फरक पडतो. म्हणजे एका मजल्यापेक्षा जास्त. अष्टमीच्या सुमाराची भरती लहान. तिला भांग म्हणतात. उधाणाचे पाणी जोराने येते आणि जोराने जाते. चांगला पोहणारासुद्धा उधाणाच्या ओहोटीत आडवा वाहून जातो. तेव्हा पाण्याच्या विरुद्ध पोहू नये. पाण्याबरोबर तिरके काठाकडे जावे.

कोणी चिखलात रुतले तर काय करावे, ते कोळीबाबांकडून शिकलो ते असे : रुतलेल्याने उभे राहून धडपडू नये, मागे किंवा पोटावर आडवे व्हावे. वाचवणाऱ्याने हात धरून ओढू नये. दोर, वल्हे, बांबू, फळी, नाहीतर धोतर टाकावे. कोणी बुडाला आणि बाहेर काढला, तर त्याला उलटा टांगू नये, गरगर फिरवू नये. ही जुनी चूक फार ठिकाणी होते. श्वास चालू असेल तर कुशीवर निजवावे. श्वास नसेल तर ज्याला तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे येते, त्याने ताबडतोब सुरू करावे. दुसऱ्याने ११२ किंवा १०८ या नंबरावर फोन करावा. हे दोन नंबर आम्ही फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात रंगाने लिहून ठेवले आहेत. ते पुसायचे नाहीत.

मावशी आता रोज सकाळी पंचांगातली तिथी पाहतात आणि फळ्यावर दोन आकडे लिहितात. भरतीचा आणि ओहोटीचा. रस्त्याने जाणारी माणसे थांबून पाहतात. रोहित पक्षी पाहायला जाणारे शहरातले लोकही एकदा थांबले होते. त्यांनी मोबाइलमध्ये पाहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे की!" मावशी म्हणाल्या, "बरोबर असणारच."

रोहित पक्ष्यांचे नाव निघाले म्हणून सांगतो. गुलाबी पायांचे, वाकड्या चोचीचे हे पक्षी थंडीत आपल्या खाडीत येतात आणि पाऊस तोंडावर आला की जातात. उन्हाळ्यात त्यांचे हजारोंचे थवे असतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते चिखलात चोच घालून खातात. आपली पोरे ज्या चिखलात रुतली, तोच चिखल त्यांचे ताट. २०१५ साली राज्य सरकारने ठाण्याच्या खाडीचा काही भाग या पक्ष्यांसाठी राखीव केला. २०२२ साली खाडीची नोंद जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाली. ऐरोलीहून बोटीतून ते पक्षी दाखवतात. वर्गाची सहल काढावी असा एक ठराव फळ्यावर आला आहे. पैसे कोणी द्यायचे ते मात्र लिहिलेले नाही.

पाचवी ओळ एका आजोबांची. त्यांना अजून जोडाक्षरे जमत नाहीत, म्हणून त्यांनी जोडाक्षर नसलेलीच ओळ शोधून काढली.

नाले साफ करा. पावसाला उशीर नाही.

आजोबांनी ही ओळ लिहिली आणि मग तासभर बोलत राहिले. त्यांच्या लहानपणी वैशाखात गाव बांधावर जायचा. खाडीचे खारे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचे लांब बांध होते. घरटी एक माणूस यायचाच. चिखलाचे गोळे काढायचे, हातोहात द्यायचे, बांधाला जिथे खांड पडली असेल तिथे भरायचे. उघाडीची दारे तपासायची. जो आला नाही त्याच्या शेताला पाणी शिरले तर कोणाला दोष देणार? आणि बांधाच्या पलीकडे मिठागरे. उधाणाचे पाणी वाफ्यांत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडायचे, उन्हाने आटवायचे. शेवटच्या वाफ्यात पांढरे मीठ. ते फळीने ओढून ढीग घालायचे. पहिला पाऊस पडायच्या आत ढीग झाकले नाहीत, तर हंगाम पाण्यात. म्हणून आगराला उन्हाळा हाच सुगीचा काळ. आगरात काम करणारे ते आगरी, असे सांगतात.

१९७० साली नवे शहर वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी त्यासाठी घ्यायच्या ठरल्या. शेते गेली, मिठागरे गेली. १९७३ साली खाडीवर पूल झाला. पुढे १९८४ साली दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात जासईला मोठे आंदोलन झाले. गोळीबारात पाच जण मेले. त्या लढ्यामुळे जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. त्या काळात घरोघरी कागद आले. आजोबांच्या घरीही आले. "कुठं अंगठा लावला आणि कशावर लावला, ते आजवर ठाऊक न्हाय," असे ते म्हणाले. ते कागद त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले आहेत. यंदा दिवाळीपर्यंत ते स्वतः वाचायचे, असा त्यांचा बेत आहे. आम्ही त्यांना म्हटले, आम्ही वाचून दाखवतो. ते म्हणाले, "नको. वाचून दाखवणारे लई भेटले."

बांध गेले, पण पाणी गेले नाही. नव्या शहराची बरीच जमीन उधाणाच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून शहरात मोठे धारण तलाव केले आहेत. भरती असताना खाडीकडची दारे मिटतात आणि पावसाचे पाणी या तलावांत साठते. ओहोटी लागली की दारे उघडून ते खाडीत जाते. आजोबांनी ऐकले आणि हसले. "म्हंजे उघाडीच की ती!" अगदी तीच. फरक एवढाच, की नाल्यात प्लास्टिक अडकले तर पाणी तलावापर्यंत पोचतच नाही आणि घरात शिरते. जोराचा पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की संकट दुप्पट. म्हणून मावशींचा आकडा आता जून-जुलैतही चालू ठेवायचा आहे.

काल संध्याकाळी फळ्यावर नवी ओळ दिसली. अक्षर लहान मुलाचे होते.

मासेमारी बंद. १ जून ते ३१ जुलै. आता सुकट खा.

माशांच्या विणीचे हे दिवस. या ६१ दिवसांत यांत्रिक होड्यांनी समुद्रात जायचे नाही, असा नियम आहे. वाऱ्यापावसाचा धोकाही असतोच. म्हणून उन्हाळ्यात बोंबील, जवळा, मांदेली वाळवून डब्यांत भरतात. होड्या वर ओढतात, जाळी घरात येतात. ओळ कोणी लिहिली म्हणून चौकशी केली. मावशींचा तोच नातू निघाला. त्याच्या खाली मावशींनी नेहमीप्रमाणे लिहिले होते :

आज दशमी. भरती ७॥. ओहोटी दुपारी १॥.